आमच्या बाळाच्या रुग्णालयासाठी ऑफिसात निधी जमवायचा आहे, कसं करू?

पहाटवारा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात आहे, आज लिहितोच.

आमचा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यात झाला. वजन १,१४० ग्रॅम. बालरुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तो ५८ दिवस होता. आता दोन वर्षांचा आहे. रात्री झोपायच्या आधी घरातल्या एकेका दिव्यापाशी जाऊन 'बंद' म्हणतो आणि आम्ही तो दिवा बंद करेपर्यंत तिथून हलत नाही.

त्या ५८ दिवसांतली एकच गोष्ट सांगतो. तो श्वास घ्यायचा विसरायचा. कमी दिवसांच्या बाळांचं असं होतं, मेंदूतलं श्वासाचं केंद्र पुरतं तयार झालेलं नसतं. त्यासाठी कॅफिनचं औषध चालू होतं, तरी दिवसातून कितीतरी वेळा श्वास थांबायचा. मॉनिटर वाजायचा, ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ८०, ७१ असा खाली यायला लागायचा. मग सिस्टर यायच्या, बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून त्याचा तळपाय दोन बोटांनी हलकेच चोळायच्या. तो दचकल्यासारखा हलायचा आणि श्वास घ्यायचा. सिस्टर वहीत वेळ लिहायच्या आणि पुढच्या पेटीकडे जायच्या. रात्री तीन वाजताही तेच, तितक्याच शांतपणे.

त्या दोन बोटांची उतराई कशी होणार? होणारच नाही. पण काहीतरी करायचं आहे.

आमच्या ऑफिसात साधारण तीनशे लोक आहेत. त्या काळात त्यांनी मला फार सांभाळून घेतलं, माझी कामं वाटून घेतली. डोक्यात असं आहे की एखादं मोठं मशीन घेऊन द्यावं, त्यावर आमच्या ऑफिसच्या नावाची लहानशी पाटी असावी. सगळ्यांना मुलाचा तेव्हाचा आणि आताचा फोटो घालून मेल पाठवावी आणि प्रत्येक टीमच्या प्रमुखाने आपापल्या माणसांकडून वर्गणी गोळा करावी. एचआरशी अजून बोललेलो नाही. कुणी असं केलं असेल तर अनुभव सांगा. काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

अबोली

वाचताना गळा दाटून आला. बाळाला खूप आशीर्वाद. पुढचं नीट विचार करून लिहिते, फोटोबद्दल बोलायचं आहे.

तिसरा_मजला

पहाटवारा, तुमची भावना पोचली. तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, टीमच्या प्रमुखाला वर्गणी गोळा करायला लावू नका.

माझ्या आधीच्या नोकरीत असंच एका चांगल्या कामासाठी पैसे गोळा होत होते. साहेब स्वतः कागद घेऊन फिरले. कागदावर नाव, पुढे रकमेचा रकाना. पहिल्या दोघांनी मोठा आकडा लिहिला. तिसऱ्यापासून सगळ्यांनी तोच लिहिला. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी तेव्हा वडिलांचं आजारपण चालू होतं, त्याचा स्वतःचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नव्हता. त्यानेही तोच आकडा लिहिला. कागद पुढे गेल्यावर तो बराच वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसला होता. साहेबांनी कुणाला जबरदस्ती केली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पण ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे त्याला नाही कसं म्हणायचं?

भिडेखातर दिलेला पैसा रुग्णालयाला उपयोगी पडतो, पण देणाऱ्याच्या मनात सल राहतो. तुम्हाला ते नको असणार. नाही म्हणणाऱ्याला कुणाच्याही नजरेला नजर द्यावी लागू नये, अशी काहीतरी व्यवस्था करा. आधी ती ठरवा, बाकीचं मागून.

जमाखर्च

तिसरा_मजला यांना पूर्ण अनुमोदन. मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेली कामं इथेच अडखळताना पाहिली आहेत.

पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. एका दिवसापुरतेसुद्धा नाही. तुमच्यावर कुणाचा अविश्वास आहे असं नाही, पण सहा महिन्यांनी कुणी 'त्या पैशांचं काय झालं' असं विचारलं तर तुमच्याजवळ दाखवायला स्वतःचं पासबुक सोडून काही नसेल. रुग्णालयाचा देणगी विभाग असतो किंवा त्यांचा न्यास असतो. त्यांना भेटा आणि तुमच्या उपक्रमासाठी वेगळी लिंक किंवा वेगळा संदर्भ क्रमांक मागा. ज्याने त्याने थेट तिथे पैसे भरायचे. पावती देणाऱ्याच्या नावाने निघते, करसवलत मिळत असेल तर ती त्यालाच मिळते, आणि तुम्हाला रुग्णालयाकडून फक्त एकूण रक्कम कळते. कुणी दिले, कुणी नाही, किती दिले, हे तुम्हालाही कळायला नको. तिसरा_मजला म्हणतात ती भिडेची अडचण यात बरीचशी आपोआप सुटते.

कुणी रोखच देणार असेल तर बंद पाकीट, ते देणगी विभागातच उघडायचं, मोजायला दोन माणसं आणि दोघांच्या सह्या.

दुसरं, कंपनीला विचारा. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या रकमेएवढी रक्कम स्वतः घालतात. हे आधी विचारायचं असतं, नंतर विचारलं की वर्षाचं अंदाजपत्रक संपलेलं असतं.

आणि तिसरं, लोक हे हमखास विसरतात. पैसे जास्त जमले तर काय, कमी पडले तर काय, हे पहिल्याच मेलमध्ये लिहा. 'ठरवलेल्या वस्तूपेक्षा जास्त जमल्यास उरलेली रक्कम त्याच वॉर्डच्या गरजेसाठी वापरली जाईल' एवढं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर उरलेल्या रकमेला हात लावताना रुग्णालयालाही अवघड होतं, कारण देणाऱ्याने ती एका वस्तूसाठी दिलेली असते.

सिस्टर_रात्रपाळी

मी नवजात अतिदक्षता विभागात चौदा वर्षं काम करते. तुम्ही त्या दोन बोटांबद्दल लिहिलंत, ते वाचून ड्युटी संपल्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहिले. आम्ही ते इतक्या वेळा करतो की कुणी बघत असेल असं वाटतच नाही.

आता मशीनबद्दल. दादा, मशीन घ्यायच्या आधी वॉर्डला विचारा. अगदी हात जोडून सांगते. मशीन नुसतं येऊन भागत नाही. त्याचे प्रोब, म्हणजे बाळाला लावायचे सेन्सर, लागतात, नळ्यांची सर्किटं लागतात, ती बाळागणिक बदलतात. दरवर्षी देखभालीचा करार करावा लागतो. आमच्याकडे आधीच दुसऱ्या बनावटीची मशीन असतील तर तुमच्या मशीनचे प्रोब वेगळे, साठा वेगळा, शिकवायचं वेगळं. मध्यरात्री घाईच्या वेळी हाताला सवयीचं नसलेलं यंत्र नको वाटतं. मी आधी ज्या ठिकाणी काम केलं तिथे देणगीतलं एक उत्तम यंत्र कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं होतं. पाटी चकचकीत होती. सर्किट मिळत नव्हतं.

खेळणी, मऊ अस्वलं तर अजिबात नकोत. लोक प्रेमाने आणतात, पण पेटीत ती ठेवता येत नाहीत, जंतुसंसर्गाची भीती असते. आपण कोपरापर्यंत हात धुतो, अंगठी-घड्याळ काढून ठेवतो, ते कशासाठी?

मग काय हवं असतं? प्रत्येक वॉर्डचं वेगळं. आमच्याकडे विचाराल तर मी डोळे मिटून सांगेन, खुर्च्या. पाठ मागे टेकवून, पाय वर घेऊन बाळाला छातीशी धरता येईल अशा रेलणाऱ्या खुर्च्या. आमच्याकडच्या आया प्लास्टिकच्या ताठ खुर्चीत बसतात. पोटावर टाके असतात. बाळाला नळ्या, वायरी लावलेल्या असतात, एकदा बाळ छातीवर दिलं की हलायची सोय नाही. तासाभरात पाठ भरून येते आणि आई स्वतःच म्हणते, 'सिस्टर, ठेवता का आत?' बाळ तेव्हा छान स्थिरावलेलं असतं, आकडे सुंदर असतात, आणि मला ते उचलून पेटीत ठेवावं लागतं. कारण काय, तर खुर्ची.

खुर्चीसाठी कुणी देणगी देत नाही. खुर्चीचा फोटो चांगला येत नाही.

बालवैद्य

सिस्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. यामागचं शास्त्र थोडक्यात देतो, ऑफिसच्या मेलमध्ये तुम्हाला उपयोगी पडेल.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याच्या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियात बोगोटा इथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली. कारण साधं होतं, काचेच्या पेट्या कमी होत्या आणि एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, त्यांना एकमेकांचा संसर्ग व्हायचा. म्हणून आईच पेटीच्या जागी आली. तिच्या अंगाची ऊब, तिचं दूध, तिचा श्वास.

पुढची बरीच वर्षं 'आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग कांगारू' असाच प्रघात होता. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं. एका गटात जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलं, दुसऱ्यात स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दुसऱ्या गटात १५.७ टक्के होतं, लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के. पहाटवारा, तुमचं बाळ वजनाने याच गटातलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच केली, की शक्य तेवढ्या लवकर सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्या.

आता आठ तास म्हणजे काय ते ताठ खुर्चीत बसून बघा. त्या चाचणीत लगेच सुरू केलेल्या गटातल्या बाळांना दिवसाला सरासरी १७ तासांच्या आसपास छातीशी ठेवलं होतं. ते जमलं, कारण तिथे नवजात कक्षातच आईसाठी पलंग होता. औषध तेच, डॉक्टर तेच, आईला टेकायला जागा मिळाली. वडीलही धरू शकतात, हेही मेलमध्ये लिहा. खूप वडिलांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून कपाटातून तिची तेव्हाची वही काढून आणली. बाविसाव्या दिवशीची ओळ अशी आहे: 'आज छातीशी. चाळीस मिनिटं. पाठ मोडली. सांगितलं ठेवा आत. नको होतं सांगायला.'

दोन वर्षं ती हे मनात धरून होती. मला माहीत नव्हतं. मी रोज तिथेच उभा असायचो, आणि मला ती खुर्ची दिसली नाही.

उद्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरांना फोन करतो.

अबोली

फोटोबद्दल बोलायचं म्हणाले होते, ते आता लिहिते. जरा लांबेल.

१९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर मुलांच्या कॅन्सरवर काम करत होते. निधीसाठी रेडिओचा एक कार्यक्रम ठरला. २२ मेच्या रात्री एका बारा वर्षांच्या मुलाच्या खाटेजवळ मायक्रोफोन ठेवला. त्याच्या आवडत्या बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत आले, आणि सगळा देश ऐकत होता. त्याला त्यांचे सामने बघायला टीव्ही हवा होता. २०,००० डॉलर जमले तर टीव्ही मिळेल असं सांगितलं होतं. जमले २,३१,००० डॉलरहून जास्त. तो 'जिमी फंड' आजही चालू आहे.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की जिमी हे त्याचं नावच नव्हतं. त्याची ओळख झाकायला डॉक्टरांनी ते नाव दिलं होतं. रेडिओवर आवाज होता, चेहरा नव्हता. मुलगा बरा झाला, घरी गेला, मोठा झाला, ट्रक चालवायला लागला. बहुतेकांनी धरून चाललं होतं की जिमी वारला असणार. ५० वर्षांनी, १९९८ मध्ये, तो स्वतः पुढे आला तेव्हा जगाला त्याचं खरं नाव कळलं, एइनार गुस्ताफसन. म्हणजे आपली गोष्ट सांगायची की नाही, हे त्याला स्वतःला मोठेपणी ठरवता आलं.

याच्या उलट टोकाची गोष्टही आहे. १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं मार्टिन कूनी नावाचा माणूस न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या जत्रेत कमी दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांत ठेवून तिकीट लावून लोकांना दाखवायचा. ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा बहुतेक रुग्णालयांत या पेट्या नव्हत्याच, आणि त्याने आईवडिलांकडून एक पैसा घेतला नाही. सगळा खर्च तिकिटांतून निघायचा, आणि हजारो बाळं वाचली. मी त्याला वाईट म्हणू शकत नाही. पण आज आपल्याला तसं करायची गरज उरलेली नाही, हेही खरं.

तुमचा मुलगा दोन वर्षांचा आहे. नळ्या लावलेला, डायपरमधला, त्वचेखालच्या शिरा दिसणारा त्याचा फोटो तीनशे मेलबॉक्समध्ये गेला की परत येणार नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने एका संस्थेला असा फोटो दिला होता. नऊ वर्षांनी तोच फोटो त्यांना एका पत्रकावर दिसला, कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. मुलगी तेव्हा शाळेत जाणारी, सगळं समजणारी. तिने विचारलं, 'माझा हा फोटो यांच्याकडे कसा?' आईकडे उत्तर नव्हतं.

नाव नको, फोटो नको. वहीतल्या ओळी सांगा, वहिनींची हरकत नसेल तर. त्या त्यांच्या स्वतःच्या आहेत.

जमाखर्च

अबोली, फार मोलाचं लिहिलंत. देणगीदारांच्या यादीबाबतही असंच एक आठवलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाला जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये 'पीटर पॅन'चे सगळे हक्क देऊन टाकले, आणि त्यातून किती पैसे मिळतात हे कधी सांगू नका एवढीच विनंती केली. रुग्णालयाने ती आजवर पाळली आहे. ऑफिसच्या फलकावर 'सर्वाधिक देणगी देणारे' असं काही लावायची कल्पना कुणी काढलीच, तर त्यांना हे सांगा.

निशिगंध

हा धागा तीन दिवस वाचते आहे. लिहू की नको करत होते.

आमची मुलगी अशाच एका वॉर्डात १९ दिवस होती. ती घरी आली नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

पहाटवारा, तुमचा मुलगा दिव्यांना 'बंद' म्हणतो हे वाचून मला बरं वाटलं, खरंच. त्यात काही आडपडदा नाही. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

तुम्ही मेल लिहाल तेव्हा 'आमचा छोटा लढवय्या', 'मृत्यूला हरवून आला' असं लिहू नका. लोक सहज लिहितात, वाईट हेतू नसतो. पण माझी मुलगीही तेवढीच लढली. तिच्यासाठीही सिस्टरनी तेच दोन बोटांनी तळपाय चोळणं केलं होतं, शेवटच्या रात्रीपर्यंत. तीनशे लोकांच्या ऑफिसात माझ्यासारखं कुणीतरी असेलच, आणि त्याने ते कुणाला सांगितलेलं नसेल.

दुसरं. आम्हालाही द्यायचं असतं. रुग्णालयाच्या कृतज्ञ पालकांच्या यादीत आम्ही नसतो, आम्हाला कुणी बोलावत नाही, बोलवावं की नाही या संकोचात असतील. पण त्या १९ दिवसांत मी आई होते, आणि ते दिवस त्या लोकांनी मला दिले. माझी कृतज्ञता कुणाहून कमी नाही.

शेवटी तिच्या सगळ्या नळ्या काढल्या आणि तिला पहिल्यांदा मोकळी माझ्याजवळ दिली. ती खुर्ची प्लास्टिकची होती. सिस्टर सांगतात तशीच. मी चार तास बसले, मला पाठ आठवत नाही. पण मुलीचे बाबा शेजारी उभेच होते, त्यांना बसायला काही नव्हतं.

खुर्च्या द्या. मीही यात देणार आहे, तुमची लिंक झाली की मला कळवा.

सिस्टर_रात्रपाळी

निशिगंध ताई, आम्ही विसरत नाही. एवढंच सांगते. माझ्याकडच्या अशा बाळांची नावं मला अजून पाठ आहेत.

तिसरा_मजला

काही लिहिण्यासारखं सुचत नाही. ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

पहाटवारा

निशिगंध ताई, तुमचा प्रतिसाद मी आजवर किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. माझ्या मेलच्या मसुद्यात 'लढवय्या' हा शब्द होता. पहिल्याच ओळीत. काढला. तुम्ही सांगेपर्यंत तो शब्द मला नुसता कौतुकाचा वाटत होता.

आता इतरांसाठी पुढचं सांगतो.

मुख्य सिस्टरांना भेटलो. मशीन म्हटल्यावर त्यांनी विनम्रपणे आभार मानले. खुर्च्या म्हटल्यावर टेबलाचा खण उघडून एक कागद काढला, त्यावर मापं लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी मागणी तयार करून ठेवली होती, प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी जास्त तातडीचं निघायचं. सहा खुर्च्या मागितल्या होत्या.

एचआरने दोन अटी घातल्या, दोन्ही मला पटल्या. मेल माझ्या नावाने जाईल, कुठल्याही वरिष्ठाच्या नाही, आणि आठवण करून देणारी दुसरी मेल जाणार नाही. लिंक थेट रुग्णालयाची. लोकांकडून जेवढी जमेल तेवढीच रक्कम कंपनीही घालणार, एका मर्यादेपर्यंत. उरलेल्या रकमेचं वाक्य जमाखर्च यांनी सांगितलं तसं, शब्दही बदलला नाही.

फोटोऐवजी आम्ही जिना घेतला. ही कल्पना टीममधल्या मुलीची. आमची इमारत नऊ मजल्यांची आहे. दोन आठवड्यांत ज्याला जमेल त्याने ५८ मजले चढायचे, एका दिवसाचा एक मजला. पैसे दिले तरच चढायचं असं नाही, चढलं तर द्यायचेच असंही नाही. प्रत्येक मजल्याच्या दारावर बायकोच्या वहीतल्या सहा-सात दिवसांच्या ओळी, तिने स्वतः निवडून दिलेल्या. नाव नाही, रुग्णालयाचाही उल्लेख नाही. काही इथे देतो, ती म्हणाली चालेल.

दिवस १: मी अजून पाहिलं नाही. याने फोनवर दाखवला. टोपीच मोठी आहे.
दिवस ४: १ मिली दूध. सिस्टरनी सिरिंजमधला शेवटचा थेंबसुद्धा नळीत जाऊ दिला.
दिवस ९: वजन १,०२०. कमी का? 'होतंच सुरुवातीला,' म्हणाल्या. विश्वास ठेवला.
दिवस १३: तोंडावरची नळी काढली. ओठ पहिल्यांदा पाहिले.
दिवस २२: आज छातीशी. चाळीस मिनिटं.
दिवस ४४: शेजारची पेटी रिकामी. कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.
दिवस ५७: उद्या घरी. मॉनिटरशिवाय मी झोपणार कशी?

चव्वेचाळिसाव्या दिवसाची ओळ ठेवायची की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. ठेवली.

अबोली

वहिनींना माझा नमस्कार सांगा. 'ओठ पहिल्यांदा पाहिले' वाचून पुढे काही वेळ वाचताच आलं नाही.

बालवैद्य

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचं काय केलंत? आमच्याकडे एका पळण्याच्या उपक्रमात असे सहकारी बाजूला पडले होते.

पहाटवारा

डॉक्टर, चांगलं विचारलंत. चाकाच्या खुर्चीतल्या एक सहकारी आहेत. त्यांनी लिफ्टने रोज एकेका मजल्यावर जाऊन ओळी वाचल्या आणि तेवढेच मजले मोजले. मग बऱ्याच जणांनी तसंच केलं. दुसऱ्या आठवड्यात तर लोक चढण्यापेक्षा वाचायलाच थांबत होते, जिन्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

एक गोष्ट मी विसरणार नाही. सातव्या मजल्यावर, चव्वेचाळिसाव्या दिवसाच्या कागदापाशी, लेखा विभागातले एक सिनियर उभे होते. अकरा वर्षं ओळखतो त्यांना. म्हणाले, 'आमच्या पहिल्याच्या वेळची पेटी अशीच रिकामी झाली होती.' मी त्यांच्याबरोबर तिथेच पायरीवर बसलो. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. निशिगंध ताई, तुम्ही म्हणाला होतात, असं कुणीतरी असेलच.

निशिगंध

त्यांना माझा नमस्कार सांगा. मी ओळखीची नाही, तरी सांगा.

जमाखर्च

हिशेब लागला की इथे नक्की लिहा.

पहाटवारा

लागला. रक्कम इथे देत नाही, ऑफिसातही आकडा सांगितला नाही, फक्त वस्तू सांगितल्या. सहा खुर्च्यांचं ठरलं होतं, कंपनीचा वाटा धरून अकरा खुर्च्या होऊन थोडे उरतील एवढे पैसे झाले. वॉर्डात मापाने दहाच बसतात.

अकराव्या खुर्चीबद्दल मुख्य सिस्टरांशी बोललो. वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली आहे, निरोप घ्यायची वेळ येते तेव्हा आईवडिलांना तिथे बसवतात. तिथे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. अकरावी तिथे ठेवली, आणि उरलेल्या पैशांतून एक आरामशीर बाकही, म्हणजे दुसऱ्या कुणाला उभं राहायला नको. बाळाच्या हातापायांचे ठसे घ्यायचं साहित्यही त्यातच आलं, ते आतापर्यंत सिस्टर स्वतःच्या पैशाने आणत होत्या. कुठल्याच खुर्चीवर पाटी नाही.

खुर्च्या आल्या त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो, दारापर्यंतच. आतून मुख्य सिस्टर बाहेर आल्या आणि बायकोला म्हणाल्या, 'तीन नंबरला एक आई सकाळी नऊपासून बसली आहे. आता दोन वाजलेत. झोपली आहे, बाळही झोपलंय. मी उठवत नाहीये.'

रानफूल

धागा उशिरा सापडला. आमच्या ऑफिसात असंच करायचं म्हणते आहे, आमच्या वॉर्डानेही खुर्च्याच सांगितल्या. घेताना काय बघू?

पहाटवारा

रानफूल ताई, आधी वॉर्डाच्या जंतुसंसर्ग नियंत्रण सिस्टरांना विचारा, त्यांच्या जंतुनाशकाने जे कापड खराब होत नाही तेच घ्या. शिवण जितकी कमी तितकं बरं, शिवणीत घाण बसते. हात ठेवायची जागा रुंद हवी, बाळ धरलेला हात तिथेच टेकतो. पाय वर घ्यायचा खटका बसलेल्या माणसाला एका हाताने, वाकल्याशिवाय चालवता आला पाहिजे, टाके असलेल्या बाईला एकदा बसवून बघा असं दुकानदाराला सांगता येत नाही, म्हणून आम्ही बायकोलाच नेलं होतं. पेटी आणि भिंत यांमधली जागा खुर्ची पूर्ण उघडून मोजा, मिटलेली मोजू नका. आणि चाकांना लॉक चारही हवेत. आमच्या पहिल्या नमुन्याला दोनच होते, आई मागे रेलली की खुर्ची बोटभर सरकायची आणि वायर ताणली जायची. तो नमुना परत केला.